शनिवारचं क्लब रग्बी, ऑकलंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चअखेर मैदानांवरचे क्रिकेटचे स्टंप उचलले जातात, उंच पांढरे खांब रोवले जातात आणि माझ्या फोनवर प्रश्न सुरू होतात. विचारणारे बहुतेक आपलेच: नुकतेच आलेले इंजिनियर, शिकायला आलेली पोरं, मुलांना कुठे घालावं या विचारात पडलेले आईबाप. मी एका क्लबाच्या अगदी तळच्या ग्रेडमधल्या संघाचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या, चिकटपट्ट्या आणि ‘सॉरी, या शनिवारी जमत नाही’ असे मेसेज. उत्तरं तळाकडून वर बघत दिली आहेत, हे धरून चाला.

१. क्लब रग्बी म्हणजे नेमकी कुठली पातळी? टीव्हीवर दिसतं ते हेच का?

नाही. टीव्हीवर तुम्ही बघता ते ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ, त्याखालचं सुपर रग्बी, म्हणजे पगारी खेळाडूंची मोठी स्पर्धा, आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारी प्रांतांची स्पर्धा. या सगळ्यांच्या खाली क्लब. इथे खेळणारा आठवडाभर छपरं घालतो, बँकेत बसतो, ट्रक चालवतो, आणि खेळण्याचे पैसे मिळण्याऐवजी वर्गणी भरतो. पण वरचे सगळे आले ते इथूनच. सुपर रग्बीचा एखादा खेळाडू दुखापतीतून बरा होत असला की क्लबाकडून खेळतो, आणि त्या दिवशी काठावरची गर्दी अचानक वाढते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑकलंड महानगरात रग्बीच्या तीन युनियन, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्या संघटना, आहेत: मधल्या शहराची ऑकलंड, पुलापलीकडची नॉर्थ हार्बर आणि दक्षिणेची काउंटीज मनुकाऊ. तुम्ही मानुरेवात राहत असाल तर तुमचा जवळचा क्लब बहुधा काउंटीजमधला. तिथलं वेळापत्रक वेगळं, जिंकायच्या ढालीही वेगळ्या.

२. ‘ग्रेड’ म्हणजे काय? एकाच क्लबाचे इतके संघ कशाला?

आपल्याकडच्या अ संघ, ब संघासारखं वाटतं, पण तेवढंच नाही. सगळ्यात वर प्रीमियर. त्याखाली प्रीमियर रिझर्व्ह. शाळेतून बाहेर पडलेल्या तरण्यांचा कोल्ट्स, म्हणजे २१ वर्षांखालचे. पंच्याऐंशी किलोखालच्यांचा वेगळा (प्रश्न ६ पाहा). महिलांचा संघ. पस्तिशी ओलांडलेल्यांचा संघ, ज्यात गुडघ्यांना पट्ट्या जास्त आणि धावणं कमी. शिवाय सकाळचे पोरासोरांचे संघ. म्हणजे काही ग्रेड कसबावर ठरतात, काही वयावर, काही वजनावर. प्रत्येक क्लबाकडे सगळे असतातच असं नाही. छोट्या क्लबात दोन मोठे संघ उभे करतानाही घाम फुटतो.

३. शनिवारी कोणता सामना किती वाजता? पूर्ण दिवस काढावा लागतो का?

लहान मुलं सकाळी, गवतावर दव असतानाच. मग दुपारच्या आसपास कोल्ट्स आणि खालचे ग्रेड, एकच्या सुमारास रिझर्व्ह, आणि पावणेतीन-तीनला मुख्य मैदानावर प्रीमियर. पंच्याऐंशीवाल्यांचे सामने काही वेळा शुक्रवारी रात्री दिव्यांखाली होतात. नेमक्या वेळा दर आठवड्याला युनियनच्या वेळापत्रकात लागतात. ते गुरुवारी एकदा आणि शनिवारी सकाळी परत बघायचं.

फक्त चांगला खेळ बघायचा असेल तर तीनला या. पण माझं ऐका, एकदा तरी ‘क्लब डे’ला बाराला या. त्या दिवशी आपले जवळजवळ सगळे ग्रेड घरच्या मैदानांवर एकाच पाहुण्या क्लबाशी खेळतात. आधी खेळून झालेली पोरं ओले मोजे तसेच ठेवून, हातात सॉसेज-पाव घेऊन, पुढच्या सामन्याच्या काठावर उभी राहतात आणि आपल्याच क्लबातल्या थोरल्यांना शिव्या घालतात. तिकीट नसतं. पार्किंग मात्र लांब मिळतं.

४. पाऊस पडला तर सामना रद्द?

पावसाने रग्बी थांबत नाही. मैदानाने थांबतं. ऑकलंडच्या बऱ्याच मैदानांखाली चिकणमाती आहे. दोन दिवस लागून पाऊस झाला की तिचा चिखल होतो, आणि त्यावर तीस माणसं ऐंशी मिनिटं नाचली तर हंगामभर तिथे गवत येत नाही. म्हणून मैदान चालू की बंद हे कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, ठरवते. बंद झालं की आधी बळी जातात ते आमच्यासारखे खालचे ग्रेड, कारण उरलेलं एकुलतं एक बरं मैदान प्रीमियरसाठी राखलं जातं. तक्रार नाही. पण एका जूनमध्ये आम्ही लागोपाठ तीन शनिवार नुसते कपडे घालून बसलो होतो, हे नोंदवून ठेवतो. विजा चमकू लागल्या तर मात्र सगळेच बाहेर.

५. एकही नियम माहीत नाही. सामना बघताना काय बघू?

चार गोष्टी पुरेत. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागे किंवा आडवा टाकायचा. पायाने मारून पुढे घालवता येतो. ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पाडायचं. पडलेल्याने चेंडू सोडायचा. आणि रेषेपलीकडे चेंडू नुसता नेऊन भागत नाही, तो जमिनीला टेकवावा लागतो.

टेकवला की ट्राय, ५ गुण. त्यानंतर खांबांमधून मारलेल्या किकचे २. समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या पेनल्टी किकचे ३, चालू खेळात टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३. प्रत्येकी पंधरा जण, चाळीस मिनिटांचे दोन भाग.

पहिली दहा मिनिटं चेंडू बघूच नका, तो सापडणारच नाही. ९ नंबरच्या पाठीकडे बघा. ढिगाऱ्यातून चेंडू काढून तो कुणाकडे देतो, त्यावरून पुढचं कळायला लागतं. आणि जमलं तर स्क्रमच्या वेळी जवळ जाऊन उभे राहा. आठ विरुद्ध आठ भिडतात तेव्हा छातीतून निघणारा तो ‘हुप्प’ टीव्हीवर ऐकूच येत नाही.

६. काका, माझं वजन ६८ किलो आहे. ते लोक डोंगराएवढे असतात. मी खेळूच शकत नाही ना?

हा प्रश्न दरवर्षी किमान पाच जण विचारतात, आणि पाचांपैकी चार तो विचारतानाच हसतात. हसू नका. पंच्याऐंशी किलोखालचा ग्रेड तुमच्यासाठीच आहे. गेल्या काही वर्षांत तो देशभर वाढला. २०२० पासून या गटाची क्लबांची राष्ट्रीय स्पर्धाही होते. वेग भरपूर, चेंडू हातोहात फिरतो, आणि खरं सांगायचं तर बघायला तो प्रीमियरपेक्षा मजेशीर असतो.

फक्त ‘हलका’ म्हणजे ‘सोपा’ समजू नका. चौऱ्याऐंशी किलोचा सामोअन विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा गडी, पळत अंगावर आला तर तुमचे अडुसष्ट किलो कुठे गेले ते कळणार नाही. आणि वजन खरोखर केलं जातं, काट्यावर उभं करून. आमच्या ओळखीतल्या एकाने आदल्या रात्री सासुरवाडीला पुरणपोळी हाणली आणि सकाळी अर्ध्या किलोने बाहेर बसला.

७. मी शाळेत कबड्डी खेळायचो. काही उपयोग?

पाय धरायची सवय असेल तर भरपूर. इथे सामुदायिक पातळीवर २०२३ पासून पहिल्या टॅकल करणाऱ्याने, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणाऱ्याने, छातीच्या मधल्या हाडाखाली धरायचं असा नियम आणला. दुसरा मदतीला आला तर तोही खांद्याखालीच. वर धराल तर पेनल्टी, जोरात वर लागला तर कार्ड. त्यामुळे उभ्याने मिठी मारणाऱ्यांची पंचाईत झाली आणि कमरेत वाकणाऱ्यांचे दिवस आले.

दोन सवयी मोडाव्या लागतील. एक, नुसत्या खांद्याने ढुशी मारायची नाही, हात गुंडाळावेच लागतात. दोन, पकड झाल्यावर धरून ठेवायचं नाही. माणूस पाडला की सोडायचं. आपला कबड्डीवाला नेमका तिथेच चुकतो: समोरचा ‘दम’ सोडेल म्हणून त्याला घट्ट धरून पडून राहतो आणि रेफ्री शिट्ट्या फुंकतो.

८. संघ कोण निवडतं, आणि कधी? मंगळवारी सांगितलेलं शनिवारी बदललेलं असतं!

मंगळवार आणि गुरुवारी सराव. गुरुवारी रात्री क्लबाच्या खोलीत सगळ्या ग्रेडचे कोच एकत्र बसतात आणि वरून खाली संघ लावतात. आधी प्रीमियर, उरलेल्यांतून रिझर्व्ह, मग आम्ही. कागदावर हे अर्ध्या तासात होतं. खरी निवड शुक्रवारी होते, फोनवर.

गेल्या हंगामातला एक शुक्रवार सांगतो. संध्याकाळी सहाला प्रीमियरच्या टाइटहेड प्रॉपने, म्हणजे ३ नंबरच्या गड्याने, कळवलं की पोटरी धरली आहे. प्रॉपच्या जागी कुणालाही उभं करता येत नाही; स्क्रममध्ये मानेवर आठ माणसांचा जोर येतो, म्हणून शिकलेलाच माणूस लागतो. रिझर्व्हचा ३ नंबर वर गेला. रिझर्व्हने आमचा उचलला. आमच्याकडे उरला एकच, बेचाळीस वर्षांचा टाइल बसवणारा टोंगन गडी, आणि त्याच्या धाकटीचा वाढदिवस नेमका शनिवारी दुपारी. रात्री साडेनऊला मी त्याच्या बायकोशीच बोललो. ‘अर्धाच सामना, मग लगेच सोडतो,’ म्हणालो. ती म्हणाली, ‘मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.’ तो आला. पासष्टाव्या मिनिटापर्यंत त्याला बाहेर काढता आलं नाही, कारण बदली नव्हता. मग कपडे न बदलताच गाडीत बसला, आणि गुडघ्यावर चिखल घेऊन केक कापतानाचा फोटो मला पाठवला.

त्या दिवशी प्रीमियर जिंकलं. रविवारी लोकांनी त्याच सामन्याचं विचारलं. म्हणून कुणी ‘खालच्या ग्रेडला काय अर्थ आहे’ म्हटलं की मी त्यांना तो फोटो दाखवतो.

९. एकाच दिवशी एक खेळाडू दोन ग्रेडमध्ये खेळू शकतो का?

होतं असं. रिझर्व्हमध्ये खेळलेला गडी आंघोळ न करता प्रीमियरच्या बाकावर जाऊन बसतो. रिझर्व्हचा सामना आधी ठेवण्याचं हेही एक कारण आहे. पण किती वेळ खेळलेला चालतो, तरण्या पोरांना किती मुभा, हे युनियनचे स्पर्धानियम ठरवतात. ते आपल्या मॅनेजरला विचारा, शेजारच्या क्लबाच्या पोराला नको.

खरी भानगड बाद फेरीत. प्रीमियरचा हंगाम संपला आणि रिझर्व्ह अंतिम फेरीत असले की वरचे चार तगडे गडी खाली उतरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. म्हणून त्या ग्रेडमध्ये आधी ठराविक सामने खेळलेलाच बाद फेरीत चालतो. यादीत एक नाव चुकीचं लागलं आणि मैदानावर जिंकलेला सामना टेबलावर हरला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती यादी भरणारा मॅनेजर मी नव्हतो, एवढंच समाधान.

१०. समोरच्या संघाचे पंधरा जण जमलेच नाहीत तर?

प्रीमियरमध्ये सहसा असं होत नाही. खालच्या ग्रेडमध्ये दर महिन्याला होतं. तेरा आले तर बहुतेक कप्तान तेरा-तेराच खेळू म्हणतात, कधी आपले दोन गडी उसने देतात. निकालाचं काय ते स्पर्धेच्या नियमांवर. पण एवढ्या लांब येऊन न खेळता परत जायला कुणालाच नको असतं.

गोची होते ती पुढच्या फळीची, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतल्या तिघांची. नियमानुसार संघात पंधरा असतील तर पुढच्या फळीत खेळू शकणारे तीन हवेत, सोळा ते अठरा असतील तर चार, एकोणीस ते बावीस असतील तर पाच, आणि पूर्ण तेवीस असतील तर सहा. ते नसतील किंवा सामन्यात जायबंदी झाले तर रेफ्री ‘अनकंटेस्टेड’ स्क्रम जाहीर करतो: भिडायचं, पण ढकलायचं नाही, आणि चेंडू टाकणाऱ्यालाच मिळणार. आपला स्क्रम मार खात असताना प्रॉपला अचानक पाठदुखी सुरू होणं हा जगातला जुना आजार आहे. प्रश्न ८ मधला शुक्रवारचा गोंधळ याच आकड्यांपायी होतो.

११. रेफ्रीने निळं कार्ड दाखवलं. पिवळं, लाल माहीत आहे, हे काय?

पिवळं म्हणजे दहा मिनिटं बाहेर, लाल म्हणजे हाकललं. निळं ही शिक्षा नाही. डोक्याला मार लागून मेंदू हादरल्याचा संशय आला की रेफ्री ते दाखवतो. गडी बाहेर जातो आणि त्या दिवशी परत येत नाही, ‘मी ठीक आहे’ असं कितीही म्हणाला तरी. बदली खेळाडू येऊ शकतो. पुढे किमान एकवीस दिवस स्पर्धेचा सामना नाही, आणि परतण्याआधी डॉक्टरची लेखी परवानगी लागते.

इथे हुज्जत घालू नका. कार्ड दिसलंच नाही पण घरी आल्यावर मुलगा उलटी करतोय, तेच ते प्रश्न पुन्हा विचारतोय, तर कार्डाची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

१२. दुखापत झाली तर खर्च कोणाचा? मी वर्क व्हिसावर आहे.

अपघाताचा खर्च उचलणारी सरकारी व्यवस्था इथे १९७४ पासून आहे. सगळे तिला ‘एसीसी’ म्हणतात. चूक कुणाची हे ती विचारत नाही. व्हिसा कोणताही असो, अगदी पाहुणे म्हणून आलेल्यांनाही, इथे झालेल्या अपघाताच्या उपचाराला ती मदत करते. फिजिओकडे थेट जाऊन दावा नोंदवता येतो. वरचे काही डॉलर खिशातून जातात. नोकरी करत असाल आणि कामावर जाता आलं नाही, तर पहिला आठवडा सोडून पुढे कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. त्या पहिल्या आठवड्यासाठी रजा शिल्लक ठेवा.

१३. मुलांना कितव्या वर्षी घालावं? लगेच मारामारी सुरू होते का?

पाच-सहा वर्षांची मुलं ‘रिपा’ खेळतात. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात. एक ओढून काढली की पकड झाली. धक्का नाही, पाडणं नाही. खरं टॅकल आठ वर्षांखालच्या गटात शिकवायला सुरुवात होते, तेही आधी गुडघ्यावर बसवून. मुली-मुलगे एकत्र. ऑकलंडमध्ये लहानांच्या ग्रेडमध्ये वजनाचाही विचार होतो, म्हणजे आपला बारीक चणीचा नऊ वर्षांचा पोरगा दुपटीच्या पोरासमोर उभा राहत नाही. एकोणीस वर्षांखालच्या स्क्रममध्ये दीड मीटरच्या पुढे ढकलायचं नसतं.

मराठी शाळा आणि सामना एकाच सकाळी आला तर? आमच्या घरात आठ आठवडे हा वाद चालला. शेवटी पोरगा चिखलाच्या मोज्यांवर बाराखडी गिरवायला जाऊ लागला. बाईंनी फक्त बूट बाहेर काढायला लावले.

१४. गॅलहर शील्ड कसली? आणि हरूनही गुण कसे मिळतात?

गॅलहर शील्ड म्हणजे ऑकलंड युनियनच्या प्रीमियर ग्रेडचं अजिंक्यपद, १९२२ पासूनचं. डेव्ह गॅलहर हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, पॉन्सनबी क्लबाचा खेळाडू. १९०५-०६ च्या ब्रिटन दौऱ्यात न्यूझीलंडचा कप्तान होता, आणि १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. ही ढाल सगळ्यात जास्त वेळा पॉन्सनबीनेच नेली आहे, आणि लोक ते विसरू देत नाहीत की विसरू इच्छितात, हे कोणत्या बारमध्ये बसलात त्यावर.

गुणांचं सोपं आहे. विजयाला ४, बरोबरीला २. चार किंवा जास्त ट्राय केले तर १ जादा, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी १. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला दहाने मागे असलेला संघ खांबांवर पेनल्टी मारताना दिसला तर त्याला वेडा समजू नका.

१५. काय काय विकत घ्यावं लागतं?

बूट आणि माउथगार्ड. जर्सी क्लबाची. माउथगार्ड १९९८ पासून सगळ्या ग्रेडमध्ये सक्तीचा आहे. तो दंतवैद्याकडून मापाचा करून घेतला तर बोलता येतं. बुटांच्या तळाचे खिळे सामन्याआधी रेफ्री हात फिरवून बघतो. वर्गणी क्लबागणिक वेगळी. एकरकमी जमत नसेल तर तसं सांगा, हप्ते करून देतात.

१६. मी दारू पीत नाही आणि शाकाहारी आहे. सामन्यानंतर क्लबात जाऊन करू काय?

जा. नाही गेलात तर तुम्ही फक्त ऐंशी मिनिटं खेळलात असं होतं. दोन्ही संघ एकाच खोलीत जेवतात, दोन्ही कप्तान चार वाक्यं बोलतात, समोरच्या संघातला दिवसाचा खेळाडू निवडून त्याला काहीतरी देतात. ज्याने तुमच्या बरगडीत कोपर घातलं तोच बटाट्याच्या कापांची ताटली पुढे करतो. शाकाहाऱ्याच्या नशिबी ते काप आणि कोबीचं सॅलड, हे खरं. मी तीन वर्षं डब्यात बटाटेवडे नेतो आहे. आता गुरुवारीच विचारणा होते की शनिवारी ‘ते पिवळे गोळे’ आहेत ना. बिअरऐवजी लिंबू सरबत घेतलं तर कुणी काही म्हणत नाही. ज्यांची चर्चमुळे बंद आहे असे पुष्कळ आहेत.

१७. मी भारतात क्लबाकडून खेळलोय. इथे सरळ नाव घालता येतं का?

मुंबईत किंवा पुण्यात कधी मित्रांबरोबर खेळला असाल तर प्रश्न नाही. पण तिथल्या संघटनेत नोंदणी असेल तर आधीच्या देशाच्या संघटनेकडून ना-हरकत लागते. ती क्लब आणि युनियन मागवतात, तुम्ही फक्त खरं सांगायचं. वेळ लागतो, म्हणून मार्चमध्येच सांगा. इथल्या इथे क्लब बदलतानाही जुन्या क्लबाची वर्गणी थकलेली असेल तर कागद अडतो.

१८. रेफ्री आलाच नाही तर?

युनियन आधी वरच्या ग्रेडना रेफ्री देते. आमच्यापर्यंत येईस्तोवर ते संपतात. मग घरच्या क्लबाने माणूस द्यायचा. त्यासाठी छोटा कोर्स असतो, तो मी केला आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन वेळी शिट्टी माझ्या हातात आली. दोन्ही कप्तानांना जवळ बोलावून सांगितलं, ‘डोक्याला लागलं तर थांबवणार, बाकीचं जेवढं दिसेल तेवढं.’ पाहुण्यांच्या कप्तानाने माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘आणि किती दिसतं?’